जूनटीन्थ : टेक्सासच्या माणसांनी राखलेली तारीख

१९ जून हा दिवस अमेरिकेच्या राष्ट्रीय सुट्ट्यांच्या यादीत आला तो २०२१ साली. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे टेक्सासमधली कृष्णवर्णीय कुटुंबे गुलामगिरीतून सुटकेचा दिवस म्हणून तो पाळत होती. पैसा त्यांचा, जागा त्यांची, स्वयंपाक त्यांचा. ‘जून’ आणि ‘नाइन्टीन्थ’ एकमेकांत मिसळून झालेले ‘जूनटीन्थ’ हे नावही बोलता बोलता त्यांच्याच तोंडी रुळले. आता त्या दिवशी अमेरिकेतल्या बँका आणि टपाल कचेऱ्या बंद असतात, तेव्हा ही तारीख आली कुठून आणि इतकी वर्षे टिकली कशी, हे नीट समजून घ्यायला हवे.

बहुतेक ठिकाणी तिची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली जाते. अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, आणि टेक्सासच्या गुलामांना ती बातमी कळायला १९ जून १८६५ उजाडला. ऐकायला सुटसुटीत वाटते, पण ही गोष्ट चुकीची आहे. बातमी टेक्सासात केव्हाच पोहोचली होती. मालकांना ती पक्की ठाऊक होती. स्वयंपाकघरात, तबेल्यात, कापूस भरलेल्या गाड्यांवर काम करणाऱ्या अनेक गुलामांच्याही ती कानावर आली होती. टेक्सासात नव्हते ते जाहीरनामा मानायला लावणारे बळ. हा फरक लक्षात घेतला नाही, तर दोष निरोप पोहोचवणाऱ्याच्या माथी जातो आणि माणसांना जाणूनबुजून डांबून ठेवणारे मोकळे सुटतात.

टेक्सास आधी मेक्सिकोचा भाग होता. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी बंद केली. तोवर अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेले गोरे वसाहतवाले कापसाची लागवड आणि त्यासाठी लागणारे गुलाम, दोन्ही घेऊन टेक्सासात उतरले होते. १८३६ साली टेक्सास मेक्सिकोपासून फुटून निघाला. त्याची कारणे बरीच होती, पण नव्या प्रजासत्ताकाने केलेल्या घटनेत गुलामगिरीला पक्के संरक्षण दिले होते, आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला टेक्सासच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, परवानगीवाचून तिथे कायम राहण्याचीही मुभा नव्हती. १८४५ साली टेक्सास अमेरिकेत सामील झाला. १८५० च्या जनगणनेत तिथे ५८ हजार गुलाम मोजले गेले. दहाच वर्षांत, १८६० साली, तो आकडा १ लाख ८२ हजारांवर गेला. राज्यातल्या दर दहा माणसांपैकी तीन माणसे दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची होती.

त्या कापसाचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८६१ साली गुलामगिरी टिकवण्यासाठी टेक्साससह दक्षिणेतली राज्ये अमेरिकेतून फुटली, यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. त्या पैशावर शेअरांचे वेड पसरले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी कीर्तीच्या शिखरावर पोहोचले आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर भरमसाट दराने विकले गेले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा पराभव झाल्याची खबर आली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांचा दिवस मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी काळा ठरला. टेक्सासच्या किनाऱ्यावर गुलामांच्या मुक्तीचा हुकूम निघाला त्याला तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते. दोन्ही ठिकाणच्या घडामोडींच्या मुळाशी एकच युद्ध होते आणि एकच पीक.

लिंकन यांच्या जाहीरनाम्याला मर्यादा होत्या. बंड करून वेगळ्या झालेल्या राज्यांतल्या गुलामांनाच तो लागू होता. अमेरिकेशी एकनिष्ठ राहिलेली केंटकी, डेलावेअर, मेरीलँड आणि मिसुरी ही राज्ये त्यातून वगळली होती, कारण त्यांना दुखावणे लिंकन यांना परवडणारे नव्हते. जिथे तो लागू होता तिथेही तो खरा व्हायचा तो उत्तरेची फौज पोहोचेल तेव्हाच. तरीही ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री उत्तरेतल्या अनेक चर्चमध्ये कृष्णवर्णीय माणसे जाहीरनाम्याची वाट पाहत जागत बसली होती. वर्षअखेरच्या त्या जागराची प्रथा अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये आजही चालू आहे.

आणि ज्या १ जानेवारीला जाहीरनामा निघाला, त्याच दिवशी पहाटे दक्षिणेच्या फौजेने टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरावर हल्ला करून ते उत्तरेकडून परत जिंकले. युद्धाच्या नकाशावर हा छोटासा विजय. टेक्सासच्या गुलामांना मात्र तो फार महागात पडला. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या फौजेला टेक्सासात खोलवर पाय रोवता आला नाही. लुइझियाना, मिसिसिपी, आर्कान्सा या राज्यांत उत्तरेचे सैन्य पुढे सरकू लागले तसे तिथले मळेवाले आपल्या गुलामांना हजारोंच्या संख्येने टेक्सासात हाकत आणू लागले. जिथे जाहीरनामा पोहोचणार नाही अशी जागा त्यांना हवी होती. युद्धाच्या अखेरीस टेक्सासमधल्या गुलामांची संख्या सुमारे अडीच लाख झाली होती. बातमी न पोहोचल्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी या तांड्यांकडे बघावे. जाहीरनामा ठाऊक होता म्हणूनच तर ते निघाले होते.

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियात अॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती जनरल रॉबर्ट ली शरण आले. १४ तारखेच्या रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला. टेक्सासात लढाई तरीही थांबली नव्हती. १२ आणि १३ मे रोजी ब्राउन्सव्हिलजवळ पाल्मिटो रँच येथे चकमक झडली. युद्धातली शेवटची लढाई म्हणून ती ओळखली जाते. उत्तरेकडून तिथे लढलेल्यांत एक कृष्णवर्णीय पलटणही होती. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडच्या दक्षिणी फौजेचे सेनापती एडमंड कर्बी स्मिथ यांनी २ जूनला गॅल्व्हेस्टनमध्ये शरणागतीच्या कागदावर सही केली. त्यानंतर टेक्सासचा ताबा घ्यायला निघाले उत्तरेचे मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर.

गॅल्व्हेस्टनमध्ये १९ जूनला त्यांच्या नावाने काही हुकूम निघाले. त्यांतला तिसरा म्हणजे आपला विषय. एखाद्या वाड्याच्या सज्जातून ग्रेंजर यांनी जमावाला तो वाचून दाखवला, असे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. त्याला भक्कम आधार सापडत नाही. हुकूम छापून वाटला गेला, वर्तमानपत्रांत आला. त्याची हाताने लिहिलेली मूळ प्रत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात २०२० साली शोधून काढण्यात आली.

हा हुकूम जेमतेम काही ओळींचा आहे, पण त्यात दोन वेगवेगळे सूर आहेत. पहिले वाक्य सांगते की अध्यक्षांच्या जाहीरनाम्यानुसार सर्व गुलाम मुक्त आहेत. दुसरे त्याच्याही पुढे जाते. पूर्वीचे मालक आणि गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्क आणि मालमत्तेचे हक्क या बाबतीत संपूर्ण समानता राहील, आणि त्यांच्यातले नाते यापुढे काम देणारा व मजुरीने काम करणारा असे असेल. १८६५ सालच्या लष्करी हुकुमात ‘संपूर्ण समानता’ हे शब्द यावेत ही फार मोठी गोष्ट आहे. खुद्द लिंकन यांच्या जाहीरनाम्यात ते नाहीत. पण लगेच पुढे सूर पालटतो. मुक्त झालेल्यांनी आपापल्या सध्याच्या घरीच शांतपणे राहावे आणि मजुरीवर काम करावे. लष्करी ठाण्यांभोवती त्यांना गोळा होऊ दिले जाणार नाही. आळसात बसून खायला तिथे वा इतर कुठेही मिळणार नाही.

पिढ्यानपिढ्या फुकट राबवून घेतलेल्या माणसांना स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी आळसाबद्दल तंबी दिली गेली. आणि ‘सध्याचे घर’ म्हणजे ज्या मळ्यावर ते कालपर्यंत गुलाम होते तोच मळा. टेक्सासच्या पुढच्या शंभर वर्षांचा झगडा या हुकुमाच्या पूर्वार्धात आणि उत्तरार्धात आधीच मांडून ठेवलेला आहे.

हुकूम निघाला म्हणून त्या दिवशी अडीच लाख माणसे मोकळी झाली असेही नाही. फ्रान्सपेक्षा मोठा असलेला हा प्रांत, आणि फौज थोडी, तीही बहुतेक किनाऱ्याजवळ. आपल्या मळ्यावरच्या गुलामांना सांगायचे की नाही, हे ज्याचा त्याचा मालक ठरवत होता. काहींनी सगळ्यांना अंगणात गोळा करून कागद वाचून दाखवला. काहींनी पीक हाती येईपर्यंत तोंड उघडले नाही.

यातली एक हकिकत आपल्याला त्या घरातल्या मुलीच्याच तोंडून मिळते. १९३६ ते १९३८ या काळात, मंदीतल्या बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून, गुलामगिरीत जन्मलेल्या आणि तेव्हा हयात असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्यात आल्या. त्यांत टेक्सासच्या टेम्पी कमिन्स यांची आठवण आहे. त्यांची आई मालकाच्या घरात स्वयंपाक करायची आणि धुराड्याच्या कोपऱ्यात लपून घरातले बोलणे ऐकायची. एकदा मालक मालकिणीला सांगत होता, गुलाम मोकळे झालेत पण त्यांना ते माहीत नाही, आणि अजून एक-दोन पिके निघेपर्यंत मी सांगणार नाही. आई कोपऱ्यातून निसटली, टाचा चार वेळा एकमेकींवर आपटल्या आणि ओरडली, मी मोकळी आहे, मी मोकळी आहे! मग ती धावत शेतात गेली आणि सगळ्यांना सांगितले. सगळ्यांनी काम टाकले. रात्री ती घराजवळच्या घळीत लपली आणि लहानग्या टेम्पीला तिथे आणवून घेतले. मालक बंदूक घेऊन आला, त्याने गोळीही झाडली, पण मुलीला घेऊन ती घळीतून निसटली.

या आठवणी वापरताना सावध राहावे लागते हे खरे. सांगणारी माणसे ऐंशी-नव्वदीची, प्रसंग लहानपणचे, आणि लिहून घेणारे बहुतेक गोरे. तरीही ही हकिकत मला ग्रेंजर यांच्या हुकुमाइतकीच मोलाची वाटते. त्या मळ्यावर हुकूम बजावला तो त्या स्वयंपाकिणीने, आणि त्यासाठी तिने गोळीचा धोका पत्करला. इतिहासाच्या पुस्तकांत जनरलचे नाव आहे, तिचे नाही.

त्याच संग्रहात सान अँटोनियोचे फेलिक्स हेवूड यांचेही बोलणे आहे. गुलामांना पळून उत्तरेला जाण्याची गरज नव्हती, नुसते दक्षिणेकडे चालत गेले की मेक्सिकोत माणूस मोकळा व्हायचा, असे ते सांगतात. मुक्तीच्या दिवसांबद्दल त्यांनी म्हटले आहे की स्वातंत्र्य आले हे आम्हाला कळले, पण त्याच्याबरोबर काय येणार ते कळले नव्हते. आम्हाला वाटले, आता आम्ही गोऱ्यांसारखे श्रीमंत होणार, किंबहुना त्यांच्याहून जास्त, कारण काम करायची ताकद आमच्यात होती. पण स्वातंत्र्याने माणसाला मान वर करून चालता येते, श्रीमंत होता येत नाही, हे त्यांना लवकरच उमगले.

पुढच्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने कृष्णवर्णीयांना बांधून ठेवणारे कायदे केले. मजुरीचे करार मोडले तर दंड, कामधंद्यावाचून दिसले की भटकेगिरीचा आरोप, मुलांना शिकाऊ म्हणून जुन्या मालकांच्याच हवाली करण्याची सोय. देशभरातली गुलामगिरी कायद्याने संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली, आणि केंटकी व डेलावेअरमधले उरलेले गुलाम तेव्हा कुठे सुटले. टेक्सासने त्या दुरुस्तीला मान्यता दिली ती १८७० साली.

अशा हवेत १९ जून १८६६ रोजी मुक्तीचा पहिला वाढदिवस साजरा झाला. गावोगावच्या कृष्णवर्णीय चर्चचा त्यात पुढाकार होता. लवकरच एक अडचण पुढे आली. जमायचे कुठे? शहरातल्या सार्वजनिक जागा गोऱ्यांच्या, तिथे यांना मज्जाव. मग नदीकाठी, ओढ्याकाठी, रानात जमायचे. यावर ह्युस्टनमधल्या माणसांनी काढलेला तोडगा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत उंच क्षण वाटतो. १८७२ साली, म्हणजे गुलामगिरीतून सुटून सात वर्षे होत असताना, त्यांनी चर्चमधून वर्गणी काढून दहा एकर जमीन विकत घेतली आणि तिला ‘मुक्ती बाग’ असे नाव दिले. जूनटीन्थसाठी हक्काची जागा.

पुढाकार घेणाऱ्या चौघांची नावे टिकली आहेत. जॅक येट्स, एलायस डिबल, रिचर्ड ब्रॉक आणि रिचर्ड अॅलन. येट्स मूळचे व्हर्जिनियाचे, जन्माने गुलाम. युद्धकाळात त्यांच्या बायकोच्या मालकाने तिला आणि मुलांना टेक्सासला हलवायचे ठरवले. येट्स तोवर मोकळे झाले होते, पण बायकामुलांबरोबर जाता यावे म्हणून त्यांनी स्वतःहून पुन्हा गुलामी पत्करली. हा माणूस नंतर ह्युस्टनच्या अँटिऑक बाप्टिस्ट चर्चचा पहिला पाळक झाला, आणि मुक्तीच्या उत्सवाला जमीन मिळवून देणाऱ्यांत होता. विसाव्या शतकात ही बाग शहराच्या ताब्यात गेली. कृष्णवर्णीयांना खुली असलेली ती अनेक वर्षे ह्युस्टनमधली एकमेव सार्वजनिक बाग होती. आज तिचे नूतनीकरण झाले आहे आणि जूनटीन्थ तिथेच होतो.

ह्युस्टनचे पाहून इतरांनीही जमिनी घेतल्या. मेहिया गावाजवळच्या लोकांनी १८९२ च्या सुमारास ‘१९ जून’ याच नावाची संघटना करून नदीकाठची जागा घेतली. १९२० च्या दशकात तिथल्या मेळ्याला वीस हजारांपर्यंत माणसे येत, असे सांगतात. ऑस्टिनमधलीही अशीच एक बाग होती. ती मात्र १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी घरबांधणीसाठी ताब्यात घेतली गेली.

मेळ्यात काय व्हायचे? सकाळी मिरवणूक, मग प्रार्थना आणि जाहीरनाम्याचे मोठ्याने वाचन. गुलामगिरी स्वतः भोगलेल्या म्हाताऱ्यांना मानाने पुढे बसवायचे, त्यांच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकायच्या. दुपारी बेसबॉल, घोड्यांच्या शर्यती, गाणे. आणि जेवण. जमिनीत लांब चर खणून, निखारे पाडून, त्यावर रात्रभर बकरे किंवा बैलाचे मांस भाजले जाई. सोबत कलिंगड, लाल सरबत, लाल सोडा, पुढे लाल केकही. हा लाल रंग सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून, असे बरेच जण सांगतात. पश्चिम आफ्रिकेत अंबाडीच्या जातीच्या लाल फुलांचे आणि कोलाच्या फळांचे लाल पेय पाहुण्यांना देण्याची रीत होती, तीच इथवर आली, असे खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक मांडतात. मला दुसरा खुलासा अधिक पटतो. सणाचे जेवण सहसा आधीच्या जेवणाची आठवण धरून येते.

कपड्यांनाही महत्त्व होते. गुलामांना मालक देईल ते जाडेभरडे वापरावे लागे. म्हणून जूनटीन्थला प्रत्येक जण ठेवणीतले, जमल्यास नवे कोरे घालून येई. जूनचे टेक्सासमधले ऊन म्हणजे आपल्या विदर्भातला मे. तरी कोट-टोपी उतरत नसे. मालक मात्र कुरकुरत, कारण ऐन हंगामात कापसाच्या शेतातले हात एक दिवस कामावर येत नसत.

मुक्तीचे दिवस इतर ठिकाणीही होते, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी होती. वॉशिंग्टन शहरात १६ एप्रिल, कारण तिथले गुलाम १८६२ साली त्याच दिवशी मुक्त झाले होते. फ्लोरिडात २० मे. मिसिसिपीच्या काही भागात ८ मे. केंटकीत ८ ऑगस्ट. बऱ्याच ठिकाणी फौज ज्या दिवशी पोहोचली, ती तिथली तारीख. ४ जुलै हा देशाचा स्वातंत्र्यदिन मात्र कृष्णवर्णीयांना आपला वाटत नव्हता. गुलामीतून निसटून देशातले सर्वांत प्रभावी वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे भरसभेत म्हणाले होते, ‘हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोक करायला हवा.’

मग एवढ्या तारखांमधून टेक्सासचीच देशाची कशी झाली? ती सर्वांत आधीची नाही, आणि सर्वांत शेवटचीही नाही. खरे उत्तर लोकांच्या स्थलांतरात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टेक्सासमधली हजारो कृष्णवर्णीय माणसे गोद्यांत आणि कारखान्यांत कामासाठी कॅलिफोर्नियात गेली. लॉस एंजेलिस, ओकलंड, सान फ्रान्सिस्को इथल्या वस्त्यांत त्यांनी आपला १९ जून नेला. दक्षिणेकडे मेक्सिकोतही तो गेला होता. गुलामगिरीपासून पळून फ्लोरिडातल्या सेमिनोल आदिवासींबरोबर राहिलेल्या कृष्णवर्णीय सेमिनोलांच्या वंशजांचे नासिमिएंतो नावाचे गाव कोआविला प्रांतात आहे, तिथे हा दिवस पाळतात.

टेक्सासात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याला ओहोटी लागली. खेड्यांतून शहरांत गेलेल्या मजुराला जूनमध्ये सुट्टी कोण देणार? १९३६ साली डॅलसमध्ये भरलेल्या टेक्सासच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात कृष्णवर्णीयांच्या जीवनावरचे दालन १९ जूनलाच उघडले गेले, गर्दीही झाली, आणि प्रदर्शन संपल्यावर लवकरच ती इमारत पाडून टाकण्यात आली. पुढच्या पिढीतल्या अनेक तरुणांना गुलामगिरीची आठवण काढणेच नको वाटे. त्यांना शाळा, बस, मतदान यांची दारे उघडायची होती.

१९६८ साली वारे फिरले. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला हत्या झाली. गरिबांचा जो मोर्चा त्यांनी आखला होता तो त्यांचे सहकारी राल्फ अॅबरनाथी आणि पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी पुढे नेला, आणि वॉशिंग्टनमधली त्याची मोठी सभा १९ जूनला झाली. देशभरातून आलेले कार्यकर्ते ही तारीख घेऊन घरी परतले. मिलवॉकी आणि मिनियापोलिस यांसारख्या, टेक्सासशी काहीच संबंध नसलेल्या शहरांत मोठे जूनटीन्थ सुरू झाले ते त्यानंतर.

अकरा वर्षांनी ह्युस्टनचे आमदार अल एडवर्ड्स यांनी टेक्सासच्या विधिमंडळात सुट्टीचे विधेयक आणले. त्यांना विरोध करणाऱ्यांत एक कृष्णवर्णीय आमदारही होते. १९७९ साली विधेयक मंजूर झाले, रिपब्लिकन गव्हर्नर विल्यम क्लेमेंट्स यांनी सही केली, आणि १९८० पासून टेक्सास हे जूनटीन्थला अधिकृत सुट्टी देणारे पहिले राज्य ठरले.

पुढच्याच वर्षी मेहियाचा मेळा काळवंडला. १९ जून १९८१ च्या रात्री कायदा राबवणाऱ्या तीन अधिकाऱ्यांनी गांजाच्या आरोपावरून तीन कृष्णवर्णीय तरुणांना पकडले आणि एका लहानशा होडीत घालून तळ्यापलीकडे नेऊ लागले. होडी उलटली. तिन्ही तरुण बुडाले, अधिकारी वाचले. खटला झाला, अधिकारी निर्दोष सुटले. शंभर वर्षांची परंपरा असलेल्या त्या मेळ्याची गर्दी त्यानंतर पूर्वीसारखी कधीच झाली नाही. जूनटीन्थची माहिती देताना ही घटना बहुधा गाळली जाते. ती गाळू नये.

राष्ट्रीय सुट्टीच्या मोहिमेचा चेहरा ठरल्या ओपल ली. १९२६ साली टेक्सासच्या मार्शल गावी जन्मलेल्या या शिक्षिका. त्या बारा वर्षांच्या असताना त्यांच्या आईवडिलांनी फोर्ट वर्थच्या गोऱ्या वस्तीत घर घेतले. काही दिवसांतच, १९ जून १९३९ रोजी, शेकडो गोऱ्यांचा जमाव चालून आला. पोलीस हजर होते. वडील बंदूक घेऊन आले तेव्हा त्यांनाच दम भरला गेला, गोळी झाडलीस तर तुला जमावाच्या हवाली करू. कुटुंब निघून गेले, जमावाने सामान बाहेर काढून जाळले, घराची मोडतोड केली. त्या दिवसाबद्दल आईवडील पुढे कधी बोलले नाहीत, असे ओपल ली सांगतात.

२०१६ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, पायांत साधे बूट घालून त्या फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनच्या दिशेने निघाल्या. वाटेतल्या शहरांत दर ठिकाणी अडीच मैल चालायचे, टेक्सासने मुक्तीची वाट अडीच वर्षे पाहिली म्हणून. चालता चालता लोकांच्या सह्या गोळा केल्या. त्या पुढे पंधरा लाखांवर गेल्या. २०२० साली मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, देशभर माणसे रस्त्यावर आली, आणि अनेक वर्षे अडलेल्या मागणीला वेग आला. जून २०२१ मध्ये सिनेटने विधेयक एकमताने, तर कनिष्ठ सभागृहाने ४१५ विरुद्ध १४ मतांनी मंजूर केले. १७ जूनला अध्यक्ष जो बायडन यांनी सही केली तेव्हा ९४ वर्षांच्या ओपल ली शेजारी उभ्या होत्या. १९८३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दिवसाला मान्यता मिळाल्यानंतरची ही पहिलीच नवी राष्ट्रीय सुट्टी. फोर्ट वर्थमधला तो जुना भूखंडही त्यांना परत मिळाला. एका घरबांधणी संस्थेने तिथे घर उभारून २०२४ च्या जूनमध्ये त्यांना किल्ल्या दिल्या.

मराठी वाचकाला ही सगळी हकिकत परकी वाटण्याचे कारण नाही. टेक्सासच्या हुकुमानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे, ही इच्छाही अर्पणपत्रिकेतच लिहिली. फुल्यांचे आभार मुख्यतः मुक्तीसाठी झटलेल्या गोऱ्या अमेरिकनांना होते. स्वतःच्या मुक्तीसाठी झटलेल्या कृष्णवर्णीयांशी आपल्याकडचा थेट संवाद पुढे झाला. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले.

सुट्टी जाहीर झाल्यावर नवे प्रश्न उभे राहिले आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ती मिळते, खासगी कंपन्यांवर मात्र बंधन नाही. त्यामुळे हॉटेलात, गोदामात, शेतात राबणाऱ्या पुष्कळ कृष्णवर्णीय मजुरांना १९ जूनला कामावर जावेच लागते. २०२२ साली एका मोठ्या दुकानसाखळीने जूनटीन्थच्या नावाचे आइस्क्रीम काढले आणि लोकांच्या संतापानंतर मागे घेतले. आणि टेक्सासच्या दिनदर्शिकेत आजही १९ जूनबरोबर १९ जानेवारी आहे. तो रॉबर्ट ली यांचा जन्मदिवस, दक्षिणेच्या ‘वीरांचा दिवस’ म्हणून राज्य सरकारने मान्य केलेला. तो रद्द करण्यासाठी ऑस्टिनच्या विधिमंडळात एकाहून अधिक वेळा विधेयके आली, आणि एकही मंजूर झाले नाही.